राखून घेणे

चोरी करू नये, हे नीतिशास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. दान करावे, हेही सांगितले आहे. परंतु या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश पडला आहे आणि तिथे कसे वागावे याविषयी आपल्या मनात मोठा गोंधळ असतो. जी वस्तू कोणाच्याच मालकीची नाही, जी घेतली तर चोरी होत नाही आणि सोडली तर दान होत नाही, ती किती घ्यावी? आणि मी सोडलेली वस्तू जागच्या जागी राहणार नसून शेजाऱ्याच्या टोपलीत जाणार आहे, हे मला पक्के ठाऊक असेल, तर ती सोडणे हा माझा धर्म की नुसता भोळेपणा? या दुसऱ्या प्रश्नाचा मला इथे विचार करावयाचा आहे.

महाभारतात विदुराने धृतराष्ट्राला जो उपदेश केला, त्यात एक दृष्टान्त आहे. माळी फुले खुडतो, पण झाड उभे ठेवतो; कोळसे पाडणारा मुळासकट झाड नेतो. राजाने माळ्यासारखे वागावे, असे विदुराचे सांगणे. दृष्टान्त सुंदर आहे; परंतु विदुर बोलत होता तो एका राजाशी. बाग एकाची आणि माळीही एकच असेल, तर शहाणपण पुरेसे होते. ज्या बागेला कुंपण नाही आणि जिथे शंभर माळी एकाच वेळी फुले खुडायला येतात, तिथे काय करावे? तिथे प्रत्येकाला उद्याचे झाड दिसत असते आणि तरीही प्रत्येकाचा हात आजच्या कळीकडे जातो.

हा प्रश्न त्याच्या अगदी स्वच्छ रूपात पाहावयाचा असेल, तर आम्हां वऱ्हाडातल्या माणसांना समुद्राकडे जावे लागते. अकोल्या-अमरावतीच्या काळ्या मातीत वाढलेल्या माणसाला ओहोटी म्हणजे काय हे पुस्तकातूनच कळते. कोकणात खाडीचे पाणी ओसरले की बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरतात आणि तिसऱ्या, कालवे, शिंपल्या गोळा करतात. या जिवांची गंमत अशी की ते पळत नाहीत. हरणाला पाय आहेत, माशाला शेपटी आहे. शिंपलीला फक्त कवच आहे, आणि माणसाच्या हातापुढे कवचाचे काय चालणार? ती कोणी पेरलेली नसते, तिला कोणी खत घातलेले नसते, तिच्यावर कोणाचा सातबारा नसतो. जो आधी वाकेल त्याची ती. तिला राखायचे असेल, तर घेणाऱ्यानेच राखले पाहिजे. ती स्वतः काही करू शकत नाही.

न राखल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या मुंबईच्या समुद्रातच आहे. वाळूत दडून राहणारी चपट्या अंगाची एक शेवंड तिथे मिळत असे. पूर्वी तिला फारशी किंमत नव्हती. परदेशी मागणी वाढली आणि १९८० नंतरच्या दशकात ट्रॉलरच्या जाळ्यांतून ती मोठ्या प्रमाणावर निघू लागली. जाळे समुद्राच्या तळावरून ओढले जाते, ते काही निवड करीत नाही. पोटाखाली अंड्यांचा घोस वागवणारी मादीसुद्धा त्यात येते. १९९४ च्या सुमारास ही शेवंड मुंबईच्या पाण्यातून जवळजवळ नाहीशी झाली. ठरावीक वजनाहून लहान शेवंडी निर्यात करू नयेत, असा नियम केंद्र सरकारने केला तो २००३ मध्ये. या चपट्या शेवंडीसाठी वजन ठरले १५० ग्रॅम. नियम योग्यच होता. फक्त ज्या पाण्यात त्याची सर्वांत अधिक गरज होती, तिथे तो नऊ वर्षे उशिरा पोचला.

मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे अशा हकिकतीत मी साहजिकच खलनायक शोधू लागतो. इथे तो सापडत नाही, आणि हीच या गोष्टीतली खरी अडचण आहे. कर्ज काढून होडी बांधणारा नाखवा, त्याच्याकडे मजुरीला आलेला खलाशी, माल घेणारा व्यापारी, या प्रत्येकाचे वागणे त्याच्यापुरते समजण्यासारखे होते. एखाद्या नाखव्याने अंडी असलेली मादी परत पाण्यात सोडली असती, तर ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या जाळ्यात गेली असती. त्याचे पुण्य त्याच्या पदरी पडले असते, शेवंड मात्र वाचली नसती. दुष्टपणाशिवायही सर्वनाश होऊ शकतो, ही गोष्ट कादंबरीकाराला पेलायला अवघड आहे. पण ती खरी आहे.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला, तो नेमका याच गोष्टीवर. गावाचे एक सामाईक कुरण आहे. प्रत्येक गुराखी हिशेब करतो की, मी एक जनावर वाढवले तर त्याचा सगळा फायदा माझा, आणि कुरणाच्या झिजेतला माझा वाटा मात्र अगदी थोडा. सगळ्यांचा हिशेब बरोबर ठरतो आणि कुरण उजाड होते. हार्डिनचा निष्कर्ष असा की, अशा ठिकाणी माणसाच्या सद्सद्विवेकाला आवाहन करणे व्यर्थ आहे. कारण जो ऐकतो तो मागे पडतो आणि जो ऐकत नाही तोच उरतो.

हा युक्तिवाद मी प्रथम वाचला तेव्हा तो मला नवा वाटला नाही, कारण वर्गातल्या मुलाने तो मला आधीच ऐकवला होता. पाणी जपून वापरावे असा धडा चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, आपुन नाही उपसलं तं बाजूचा उपसते. मंग आपलं काय?” वर्ग हसला, पण तो मुलगा थट्टा करीत नव्हता. त्याच्या बापाच्या विहिरीशेजारी नवे बोअर झाले होते. त्याला ‘तू तरी चांगला वाग’ असे सांगणे सोपे होते. परंतु ज्याच्या विहिरीचे पाणी खाली गेले आहे त्याला चांगुलपणाचा उपदेश करणे मला प्रशस्त वाटले नाही. तेव्हापासून त्या मुलाला काय उत्तर द्यावे, हे मी शोधतो आहे.

उत्तराचा पहिला भाग मला केरळातल्या कोल्लम जिल्ह्यातल्या अष्टमुडी सरोवरात सापडला. हे सरोवर समुद्राला मिळालेले आहे आणि त्याच्या तळाच्या वाळूत पिवळ्या पायाची शिंपली होते. लहान होडीतून हाताने ओढायच्या जाळीने, किंवा पाण्यात उभे राहून पायाने चाचपून लोक ती काढतात. १९८० नंतर तिला परदेशी गिऱ्हाईक मिळाले. १९९१ मध्ये वर्षाला सुमारे दहा हजार टन शिंपली निघाली. १९९३ पर्यंत हा आकडा निम्म्यावर आला. मुंबईच्या शेवंडीची वाट इथूनच पुढे जात होती. परंतु इथे लोक थांबले.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने तीन साधे नियम झाले. डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या महिन्यांत शिंपली काढायची नाही. जाळ्याची आस, म्हणजे त्याचे भोक, ३० मिलिमीटरहून लहान ठेवायची नाही, म्हणजे बारीक पिल्ले आपोआप खाली गळून वाळूत राहतील. आणि निर्यातीच्या मालात किलोला १४०० हून अधिक नग भरतील इतके बारीक मांस घ्यायचे नाही. पहिल्या नियमाने वेळ राखला, दुसऱ्याने पिल्लू राखले आणि तिसऱ्याने बाजाराचा हात आखडला. बारीक मालाला गिऱ्हाईकच नसेल तर तो चोरून काढण्यात अर्थ नाही. शिंपली पुन्हा वाढली. २०१४ मध्ये मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेने या मासेमारीला प्रमाणपत्र दिले. भारतातल्या मासेमारीला मिळालेले ते पहिलेच.

या तीन नियमांनी काय केले, ते नीट पाहिले पाहिजे. अष्टमुडीचे लोक १९९३ मध्ये एकाएकी साधू झाले नाहीत. त्यांच्यात काल जितका लोभ होता तितकाच आजही होता आणि काल जितका विवेक होता तितकाच आजही होता. बदलले ते एवढेच की, काल जो हात आवरी तो एकटाच मूर्ख ठरे. आज हात आवरणाऱ्याला ठाऊक होते की शेजारीही हात आवरून बसला आहे. आपण सामान्यतः समजतो की नियम हा सद्सद्विवेकाचा पर्याय आहे. ज्याच्या ठिकाणी विवेक नाही त्याच्यासाठी कायदा. मला नेमके उलटे वाटते. माणसाच्या ठिकाणी विवेक असतो, पण एकट्याने तो पाळण्याची किंमत त्याला परवडत नाही. सर्वांनी मिळून केलेला नियम ती किंमत वाटून घेतो.

एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने हीच गोष्ट जगभर फिरून आणि जुनी दप्तरे चाळून दाखविली. १९९० मध्ये तिचा ग्रंथ आला आणि २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिने सांगितलेले एक उदाहरण मी कधी विसरत नाही. स्वित्झर्लंडमधल्या तोर्बेल या डोंगरी गावाने १५१७ मध्ये असा नियम केला की, हिवाळ्यात ज्याला आपल्या घरच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामाईक कुरणात सोडाव्या. हार्डिनच्या गुराख्याला हे सुचले नव्हते, कारण हार्डिनच्या कुरणात गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. पुढे हार्डिननेही मान्य केले की आपण जे लिहिले ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेविषयी खरे आहे.

आपल्याकडे ही बोलण्याची रीत अगदीच नवी नाही. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात आणि मग होड्या पाण्यात लोटतात. त्याआधीचे पावसाळ्याचे महिने समुद्र खवळलेला असतो म्हणून होड्या किनाऱ्यावर असत, आणि त्याच काळात बहुतेक मासळी अंड्यावर असते. भीती आणि संयम असे दोन्ही एका सणात बांधले गेले. आज महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. यंत्राची होडी वादळाला पूर्वीइतकी भीत नाही. म्हणून जे काम पूर्वी भीती करीत होती, ते आता कायद्याला करावे लागते.

आता वऱ्हाडात परत येऊ. आमच्याकडे समुद्र नाही, पण पायाखाली एक पाणी आहे आणि त्याची गत त्या शिंपलीसारखीच आहे. वरूड आणि मोर्शी हे संत्र्याचे तालुके. तिथला भूजलउपसा पावसाने होणाऱ्या भरण्याच्या पलीकडे गेल्याचे सरकारी पाहणीत नोंदले गेले आहे. विहिरी आटल्या तशी बोअरे झाली, बोअरे आटली तशी ती खोल गेली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून, ज्याची जमीन त्याचे त्याखालचे पाणी, अशी आपली समजूत. परंतु पाणी बांध ओळखत नाही. माझ्या शेताखालचे पाणी शेजाऱ्याच्या बोअरमध्ये जाते आणि तो चोर ठरत नाही.

कायदे झाले नाहीत असे नाही. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उगमापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यास बंधन घातले. २००९ चा दुसरा कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्यात साठ मीटरहून खोल बोअरला मनाई आहे. तरीही बोअरची गाडी रात्री कोणत्या शेतात उभी राहिली, हे सगळ्या गावाला ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. अष्टमुडीचा नियम का चालला आणि हा का चालत नाही? एक कारण असे की, शेजाऱ्याची टोपली डोळ्यांना दिसते, जमिनीखालचा उपसा दिसत नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. तो नियम लोकांनी ऱ्हास डोळ्यांनी पाहून आपलासा केला होता. हा नियम मुंबईहून आला आणि कागदावरच राहिला.

जिथे गावाने तो आपला केला, तिथे गोष्ट निराळी दिसते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, असे ग्रामसभेत ठरविले. दरवर्षी पावसाचे माप घेऊन गावाच्या पाण्याचा ताळेबंद तिथे मांडला जातो. आणि दूर कशाला, अमरावती जिल्ह्यातच अचलपूर तालुक्यात पायविहीर नावाचे आदिवासी गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये उजाड टेकड्यांवरचा सामूहिक हक्क या गावाला मिळाला. गावाने जंगल राखले आणि तिथली सीताफळे एकत्रितपणे विकण्यास सुरुवात केली. २०१४ मध्ये त्या कामासाठी त्याला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. जंगल आपले आहे हे कळल्यावर राखण करणे सोपे झाले. सरकारचे म्हणून जे होते, ते कोणाचेच नव्हते.

इथवर वाचून कोणी म्हणेल की सुटला प्रश्न. सभा भरवावी, नियम करावा, फळ मिळते. परंतु एक अडचण मला स्वस्थ बसू देत नाही. थांबण्याची झळ सर्वांना सारखी लागत नाही. तीन महिने शिंपली बंद राहिली, तर निर्यात करणाऱ्याच्या नफ्याला खार लागते. टोपलीभर शिंपल्या विकून संध्याकाळचे तांदूळ आणणाऱ्या बाईची चूल विझते. पाच एकरांच्या बागाईतदाराने बोअर घेतले नाही तर त्याची झाडे वाळतात, आणि संत्र्याचे झाड पुन्हा उभे करायला वर्षे जातात. पन्नास एकरवाल्याची दहा झाडे वाळतात. आपल्याकडे उपवासाचे मोठे कौतुक आहे. पण ज्याच्या घरी एकादशीला साबूदाणा आहे त्याचाच उपवास पुण्याचा. ज्याच्या घरी रोजच काही नाही त्याच्या उपाशी राहण्याला व्रत म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

म्हणून थांबण्याचा कोणताही नियम न्याय्य व्हायचा असेल तर त्यात दोन गोष्टी असाव्या लागतात. ज्याचा हात मोठा, त्याने आधी आणि अधिक थांबावे. आणि ज्याला थांबल्यामुळे भूक सोसावी लागेल, त्याच्या त्या महिन्यांतल्या भाकरीची सोय त्याच नियमात असावी. दया म्हणून नव्हे, तर त्याच्या थांबण्यामुळे जे वाचले त्यातला त्याचा वाटा म्हणून. हे नसेल तर राखण्याचा नियम गरिबाकडून घेऊन श्रीमंतासाठी राखण्याचा नियम होतो, आणि तो मोडणाऱ्या गरिबाला दोष देण्यास मी तरी तयार नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर अष्टमुडीची हकिकत अर्धीच राहील. तिथली शिंपली पुढच्या काळात पुन्हा कमी झाली. २०२४ मध्ये संशोधन संस्थेने तिचे वाढवलेले बी सरोवरात सोडले. सरोवरात काठच्या वस्तीची घाण येते, आणि ऋतुमानही पूर्वीचे राहिलेले नाही. शिंपली काढणारा आपल्या जाळ्याची आस मोजू शकतो. वरून येणारे पाणी त्याच्या हाती नाही. काढणाऱ्यांनी एकमेकांना शब्द दिला होता, पण ज्यांनी शब्द दिलाच नव्हता त्यांचाही त्या पाण्याशी संबंध होता.

मग त्यांचे थांबणे फुकट गेले काय? मला तसे वाटत नाही. पुन्हा बी सोडायचे तर ते राखणारे लोक लागतात. एकदा थांबून पाहिलेले आणि थांबण्याचे फळ चाखलेले लोक त्या काठावर आहेत. मुंबईच्या शेवंडीसाठी तसे कोणी उरले नाही. या हकिकतीचा अर्थ एवढाच की, शब्द देणाऱ्यांचे वर्तुळ वाढवीत न्यावे लागते. वरूडच्या बागाईतदाराने पाणी राखले तरी संत्र्याला भाव न देणारा बाजार आणि फुकट विजेचे आश्वासन देणारा पुढारी त्या वर्तुळाबाहेर राहिले, तर त्याचा शब्द किती दिवस टिकेल?

तर त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी काय सांगावे? ‘शेजारी उपसत असला तरी तू उपसू नको’ असे मी सांगणार नाही. एकट्याचे थांबणे आदरणीय आहे, पण त्याने पाणी राहत नाही. ‘मग तूही उपस’ असेही सांगणार नाही. मी त्याला सांगेन की, तुझे पहिले कर्तव्य पाणी सोडणे हे नसून शेजाऱ्याच्या दारी जाणे हे आहे. ‘राखणे’ हे क्रियापद व्याकरणात एकवचनी चालते. पाण्याच्या बाबतीत ते अनेकवचनीच चालवावे लागते. त्या दारी जाणे उपशापेक्षा आणि त्यागापेक्षाही कठीण आहे, कारण तिथे मान खाली घालावी लागते, शिव्या खाव्या लागतात, जुनी भांडणे निघतात. वर्षानुवर्षे बांधावरून न बोलणारी भावकी आपल्या गावोगावी आहे. पण त्याच दारातून वाट जाते.

या बाबतीत आमचा संत्राबागाईतदार अडाणी आहे असे कोणी समजू नये. आंबिया बहाराआधी तो ऐन थंडीत झाडाला ताण देतो. पाणी तोडतो, पाने सुकलेली पाहतो, आणि त्याचा जीव खालीवर होत असला तरी ठरलेल्या दिवसांपर्यंत हात आवरतो. मग पाणी सोडले की झाड फुलावर येते. अष्टमुडीत शिंपलीला सुट्टी असते, साधारण त्याच दिवसांत वरूडची झाडे ताणावर असतात. थांबल्यावाचून बहार येत नाही, हे या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याच्या बांधाच्या आत तो विदुराचा माळी आहेच. बांधाबाहेर, जिथे माळी शंभर आहेत, तिथे तो एकटा पडतो; आणि त्याला एकटे पाडू नये, हे काम ग्रामसभेचे, शाळेचे आणि तुमचे-माझे आहे.

हा अंक हाती पडेल तेव्हा पावसाळा संपलेला असेल आणि विहिरी वर्षातल्या सर्वांत भरलेल्या असतील. गावातल्या पाच-दहा विहिरींत दोर सोडून पाण्याची पातळी मोजावी आणि ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी, तारखेसह लिहावी. होळीला पुन्हा मोजून खाली लिहावी. जमिनीखालचे पाणी डोळ्यांना दिसत नाही ही आपली मोठी अडचण आहे, आणि ती काढायला एक दोर आणि थोडा चुना पुरतो. त्या भिंतीपुढे उभी राहिलेली माणसे काय बोलतील हे मी आज सांगू शकत नाही. पण ती एकमेकांशी बोलतील, एवढे मात्र मला वाटते.